न दुखणारी जखम आणि तिची कारणे

माझ्या उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी चवड्याचा जो उंचवटा असतो तिथे, जखम झाली तेव्हा मला टाइप २ मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली होती. मोज्यावर ओलसर, पिवळट डाग दिसला म्हणून पाय वळवून पाहिला आणि जखम दिसली. दुखणे असे काहीच नव्हते. पुढचे काही आठवडे एका दवाखान्यात ड्रेसिंग, मलम आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या असा उपचार चालला. मलम बदलले, गोळ्या बदलल्या, जखम मात्र होती तेवढीच राहिली. या काळात कोणी माझ्या पायातले बूट हातात घेऊन पाहिले नाहीत, दुसरा पाय तपासला नाही, आणि जखम नेमकी याच जागी का झाली असा प्रश्नही कोणी विचारला नाही. ‘शुगर आहे, त्यामुळे होते असे’ या उत्तरापाशी सगळे थांबत होते. ते उत्तर खोटे नाही, परंतु ते इतके ढोबळ आहे की त्यातून उपचाराची दिशा सापडत नाही. ती दिशा मला मधुमेही पायांसाठी चालणाऱ्या एका स्वतंत्र बाह्यरुग्ण विभागात सापडली, कारण तिथे उपचाराला हात घालण्याआधी कारणांचा शोध घेतला गेला.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत जखमेकडे वळण्यापूर्वी माझे दोन्ही बूट मागून घेतले. आतून हात फिरवून शिवण कुठे वर आली आहे का, अस्तर कुठे गोळा झाले आहे का हे त्यांनी चाचपले, मग बूट उलटे करून तळ पाहिले. उजव्या बुटाचा आतला पातळ तळ चवड्याच्या उंचवट्याखाली खोलगट झाला होता, आणि जखम बरोबर त्याच्या वर येत होती. नंतर त्यांनी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या, नखांच्या कडा, टाचांच्या भेगा, घोट्यांभोवतीची कातडी असे सगळे पाहून झाल्यावर मग त्या जखमेकडे वळल्या.

जखमेभोवती कडक, पिवळसर कातडीची जाड कड होती, आणि ती जखम भरत आल्याची खूण आहे असे कोणालाही वाटले असते. डॉक्टरांनी बारीक पात्याने, पाते जवळजवळ आडवे धरून, त्या कडेचे पापुद्रे एकेक करून सोलायला सुरुवात केली. मी बघत होते; कातडी कापली जात होती आणि मला फक्त पाय धरल्याचे कळत होते. काही थर निघाल्यावर आतल्या कातडीत तपकिरी-लाल ठिपके दिसू लागले. ते सुकलेल्या रक्ताचे होते. ‘हे रक्त जखम उघडी पडण्याच्या आधीचे आहे,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘म्हणजे जखम वरून आत गेलेली नाही, आतून वर आलेली आहे.’ सगळा घट्टा निघाल्यावर जखमेचे खरे तोंड दिसले, आणि ते वरून दिसत होते त्याच्या जवळपास दुप्पट रुंद होते.

हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तळव्याच्या एकाच जागेवर वारंवार दाब आणि घासणे होत राहिले की तिथली कातडी स्वतःच्या रक्षणासाठी जाड होते. यालाच आपण घट्टा म्हणतो. तो एका मर्यादेपलीकडे वाढला की त्याचाच दाब आतल्या मऊ मांसावर पडू लागतो. वरून कडक घट्टा, खालून हाडाचे टोक, आणि त्या दोहोंमध्ये प्रत्येक पावलाबरोबर चेंगरणारे मांस अशी स्थिती होते. त्या मांसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त आणि पाणी साचते, पेशी मरतात, पोकळी तयार होते, आणि शेवटी ती एके दिवशी घट्ट्यातून बाहेर फुटते. आपल्याला दिसते ते हे शेवटचे फुटणे, आणि म्हणून आपण त्याच दिवसाचे कारण शोधत बसतो: खडा टोचला असेल, बूट चावला असेल. घट्टा सोलून काढणे आणि त्या जागेवरचा भार उतरवणे हा उपाय काही नवा नाही. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक फ्रेडरिक ट्रीव्हज यांनी तळव्याच्या अशा जखमांसाठी तो १८८४ मध्येच सांगितला होता. एवढ्या जुन्या गोष्टीपर्यंत माझा उपचार इतक्या उशिरा पोहोचावा याचे मला वाईट वाटते.

यानंतरचा प्रश्न असा की इतके सगळे आत घडत असताना मला कळले कसे नाही. त्यासाठी संवेदनांची तपासणी झाली. नायलॉनचा एक धागा असतो. तो कातडीवर टेकवून दाबला की १० ग्रॅम एवढ्या जोराला वाकतो. आधी तो माझ्या हाताला लावून दाखवला, म्हणजे स्पर्श कसा असतो हे कळावे. मग डोळे मिटायला सांगितले आणि स्पर्श जाणवला की ‘हो’ म्हणायचे ठरले. मी डोळे मिटून वाट पाहत राहिले. बराच वेळ काही होईना, म्हणून अजून सुरुवात व्हायची आहे का असे मी विचारले. डॉक्टर म्हणाल्या, ‘उजवा पाय तपासून झाला.’

सेकंदाला १२८ कंपने करणारा धातूचा चिमटा अंगठ्यावर टेकवला तेव्हा मला फक्त त्याचा गारवा कळला, कंपन नाही. तोच गुडघ्याच्या वाटीवर ठेवल्यावर कंपन स्पष्ट जाणवले. टाचेमागच्या शिरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, हातोडी मारल्यावर पाऊल जसे हलायला हवे तसे हलले नाही. या तिन्ही गोष्टी मिळून निदान झाले ते मज्जातंतूंच्या विकाराचे, म्हणजे न्यूरोपॅथीचे. रक्तातील जादा साखर मज्जातंतूंना आणि त्यांना पोसणाऱ्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षे इजा करत राहते, आणि जे तंतू सर्वांत लांब असतात त्यांच्या टोकांना ही इजा आधी पोहोचते. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोज्यासारखा वर चढत जातो. मला काही वर्षांपूर्वी रात्री तळव्यांची जळजळ होत असे, मुंग्या येत असत, आणि पुढे ते सगळे थांबले होते. जळजळ थांबली म्हणजे तंतू सुधारले असेच कोणीही समजेल. पुष्कळदा मात्र त्याचा अर्थ असा असतो की दुखण्याची तक्रार वर पोहोचवणारे तंतूच आता उरलेले नाहीत.

बधिरपणाची इतर कारणेही त्यांनी तपासली, आणि हे मला फार योग्य वाटले, कारण मधुमेह असलेल्या माणसाचा प्रत्येक बधिरपणा मधुमेहाचाच असतो असे नाही. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि तेही मज्जातंतूंना बाधते. माझे ते कमी निघाले व त्याची इंजेक्शने सुरू झाली. थायरॉइड आणि मूत्रपिंडांच्या तपासण्याही झाल्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केव्हा झाली होती हेही विचारले गेले, कारण ज्याला पाय जाणवत नाही आणि नीट दिसतही नाही, त्याच्या पायाला कोणताच पहारेकरी उरत नाही.

बधिरपणा हे कारण समजायला सोपे आहे. पण नुसत्या बधिरपणाने जखम होत नाही, आणि डॉक्टरांनी मला हे ज्या पद्धतीने समजावले ते माझ्या मनात पक्के बसले आहे. त्यांनी विचारले, ‘तुम्ही मधल्या काळात कधी लंगडलात का?’ मी नाही म्हणाले. ज्याचा पाय धड आहे असा माणूस खूप चालला की त्याचा तळवा एका जागी हुळहुळा होतो, आणि तो नकळत पाऊल जरा वेगळे टाकू लागतो, भार दुसऱ्या कडेवर घेतो, पाऊल आखूड करतो, शेवटी बसतो. हे लंगडणे त्या दुखऱ्या जागेला विश्रांती देते. माझा पाय दुखला नाही म्हणून मी लंगडले नाही, आणि लंगडले नाही म्हणून चवड्याच्या त्या एकाच जागेवर हजारो पावले जशीच्या तशी पडत राहिली.

ही गोष्ट वैद्यकाने ज्यांच्याकडून शिकली त्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचे नाव घ्यावेच लागेल. कुष्ठरोगाने हातापायांची बोटे झडतात ती रोगाने सडून नव्हे, तर संवेदना गेल्यामुळे रोजच्या वापरात होणाऱ्या इजांमुळे, हे त्यांनी वेल्लोर येथे काम करताना ओळखले. पुढे अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे त्यांनी तोच विचार मधुमेही पायांना लावला. त्यांच्या मांडणीप्रमाणे दाब तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी बधिर पायाला जखमी करतो. खिळा किंवा काच पायात घुसते तेव्हा थोड्या जागेवर एकदम प्रचंड दाब येऊन कातडी फाटते. अरुंद बुटाने होते ते उलट असते; दाब थोडा असतो, पण तो तासन्‌तास न हलता राहतो आणि त्याखालच्या जागेचे रक्त अडते. तिसरी तऱ्हा म्हणजे मध्यम दाबाची न थांबणारी पुनरावृत्ती, म्हणजेच साधे चालणे. एका वेळचा तो दाब कोणालाही इजा करणारा नसतो. आधीच सुजलेल्या जागेवर तो पुन्हा पुन्हा पडतो तेव्हा ती जागा फुटते. माझी जखम या तिसऱ्या प्रकारची होती, आणि म्हणूनच ‘काय लागले होते?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्या इतरांची कारणे निराळी होती आणि ती ऐकून या मांडणीचा अर्थ अधिक कळला. एका गृहस्थांचा पाय शेकण्याच्या गरम पाण्याच्या पिशवीने भाजला होता. पिशवी किती तापली आहे हे त्यांच्या पायाला कळले नव्हते. एका बाईंच्या करंगळीच्या बाहेरच्या बाजूला नव्या, अरुंद बुटाने एका दिवसात जखम केली होती. एकाने नख फार खोल कापले होते. एका वृद्ध गृहस्थांची जखम टाचेवर होती, आणि ती चालून झालेली नव्हती. दुसऱ्याच आजारात अंथरुणावर पडून असताना टाच गादीवर दिवसरात्र टेकलेली राहिली होती. बुटात शिरलेला खडा दिवसभर पायाखाली घेऊन फिरलेले एक जण होते आणि घरात अनवाणी चालताना टाचणी रुतलेले एक जण होते. निमित्ते इतकी वेगळी असूनही बधिर पाय मात्र सर्वांचा सारखा होता.

आता माझ्याच चवड्याच्या उंचवट्यावर इतका दाब का, हा पुढचा प्रश्न होता. त्यासाठी मला एका पट्टीवरून चालवले गेले, जी तळव्याच्या कोणत्या भागावर किती भार येतो ते रंगांनी दाखवते. अंगठ्यामागचा उंचवटा आणि त्याशेजारची जागा गडद लाल होती, तर बोटांच्या टोकांखेरीज बाकी बोटांचा ठसा जवळजवळ उमटलाच नव्हता. माझी बोटे हळूहळू नखाळ्या पंजासारखी वाकली होती. मज्जातंतूंचा विकार स्पर्शापुरता राहत नाही. पावलातल्या लहान स्नायूंना चालना देणारे तंतूही त्याने दुबळे होतात. ते लहान स्नायू सुकले की पोटरीतून येणाऱ्या मोठ्या स्नायूंचा ओढा वरचढ ठरतो, बोटे मधल्या सांध्यात वर उचलली जातात आणि त्यांची टोके खाली टेकतात. चवड्याखाली चरबीची जी मऊ गादी असते ती या ओढीने पुढे सरकते आणि हाडांची टोके जवळजवळ उघडी पडतात. माझ्या पायावरून बोट फिरवून डॉक्टरांनी ती टोके मला चाचपायला लावली. डाव्या पायाची तशीच होती.

त्यांनी मला दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडायला सांगितले. माझी बोटे एकमेकांना पूर्ण चिकटली नाहीत, मध्ये फट राहिली. रक्तातील साखर शरीरातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याला ताठर करते, त्यामुळे सांधे आणि स्नायुबंध आखडतात. हातांत जे दिसते तेच घोट्यातही घडलेले असते. टाचेमागची शीर आखडली की पाऊल टाकताना घोटा पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि शरीराचा भार चवड्यावर अधिक वेळ राहतो. हाताच्या एका साध्या खुणेवरून पायाच्या जखमेचे एक कारण वाचता येते, हे पाहून मी थक्क झाले होते.

कातडीचा कोरडेपणा हेही त्याच विकाराचे अंग आहे. घाम नियंत्रित करणारे तंतू निकामी झाले की पाय कोरडे पडतात, टाचांना भेगा पडतात आणि त्या भेगांतून जंतूंना वाट मिळते. माझ्या टाचा तशा होत्या. त्यांवर रोज मलम लावायचे, पण बोटांच्या बेचक्यांत लावायचे नाही, कारण तिथे ओल साचून कातडी पांढरी पडते व फाटते, एवढेच याबाबत सांगितले गेले.

रक्तपुरवठ्याची तपासणी अधिक गुंतागुंतीची निघाली. पावलावरच्या नाडीवर डॉपलर यंत्राचे टोक धरल्यावर तिचा आवाज ऐकू येत होता. मग घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेऊन त्यांचे गुणोत्तर काढले. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे समजतात. माझे १.४ च्याही वर आले, आणि मला वाटले की हे तर उत्तमच. डॉक्टरांनी मात्र त्यावर विश्वास ठेवला नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साचून त्या ताठ होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, आणि आकडा खोटा चढा येतो. पायाच्या अंगठ्यातील बारीक धमन्या सहसा यातून सुटलेल्या असतात, म्हणून अंगठ्याला लहान पट्टा बांधून तिथला दाब स्वतंत्रपणे मोजला गेला. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या खाली असता तर आधी धमन्यांची तपासणी आणि रक्तप्रवाह मोकळा करण्याचा विचार तातडीने करावा लागला असता. माझा त्याहून बराच वर होता. ज्यांचा रक्तपुरवठाच तुटलेला असतो त्यांच्या जखमा बहुधा बोटांच्या टोकांवर, पावलाच्या कडांवर, टाचेवर होतात आणि त्यांभोवती घट्टा नसतो. दोन्ही कारणे एकत्र असणारेही पुष्कळ असतात, आणि त्यांचा मार्ग अधिक कठीण असतो. तंबाखू आणि धूम्रपानाविषयीचा प्रश्न तिथे प्रत्येकाला विचारला जात होता तो याच कारणाने.

जंतुसंसर्गाबद्दल माझा पूर्वीचा समज इथे बदलला. जखमेवरून बोळा फिरवून तपासला की त्यात जंतू सापडणारच, कारण प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतात. त्यावरून संसर्ग ठरत नाही. लाली, सूज, उष्णता, पू, दुर्गंधी अशा खुणांवरून तो ठरतो. माझ्या जखमेत त्या नव्हत्या, म्हणून प्रतिजैविके बंद झाली. निर्जंतुक धातूची सळई जखमेत हळूच घालून ती हाडाला टेकते का हे पाहिले गेले. टेकली असती तर हाडापर्यंत संसर्ग पोहोचल्याचा संशय बळावला असता. एक्स-रे निर्दोष होता, तरी हाडातले बदल त्यात उमटायला दोन-तीन आठवडे लागू शकतात म्हणून तो पुढे पुन्हा काढायचे ठरले. संसर्ग हे जखम होण्याचे कारण क्वचितच असते, पण पाय गमावण्याचे कारण मात्र तोच बहुतेकदा ठरतो. मधुमेहात पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची शक्ती कमी झालेली असते, आणि ताप किंवा वेदना नसतानाही संसर्ग खोल उतरू शकतो. पायाच्या विच्छेदनांपैकी सुमारे ८५ टक्क्यांच्या आधी पायावर जखम झालेली असते, हा आकडा मला तिथेच कळला.

सगळे पाहून झाल्यावर डॉक्टरांनी माझ्या केसपत्रावर कारणे एकाखाली एक लिहिली: बधिरपणा, वाकलेली बोटे व उघडी पडलेली हाडे, आखडलेला घोटा, घट्टा, झिजलेला पातळ तळ. यांतले कोणतेही एक नसते तर कदाचित जखम झाली नसती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा जखमांच्या कारणांच्या साखळ्या तपासल्या होत्या, आणि त्यांतल्या जवळपास ६३ टक्के रुग्णांमध्ये बधिरपणा, पावलाचा बिघडलेला आकार आणि किरकोळ इजा ही तीन कारणे एकत्र आढळली होती. माझी साखळी तीच होती. यादीत साखरेचे नाव नाही याकडे मी लक्ष वेधले, तेव्हा त्या म्हणाल्या की ती या प्रत्येकाच्या मागे आहे, आणि ती आटोक्यात ठेवायचीच आहे. पण उद्यापासून साखर अगदी बरोबर राहिली तरी या हाडावरचा दाब एका ग्रॅमनेही कमी होणार नाही.

उपचार त्या यादीतूनच निघाला. गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत एक प्लास्टर घालण्यात आले, जे तळव्याच्या आणि पोटरीच्या प्रत्येक वळणाशी घट्ट जुळवलेले असते आणि ज्याचे अस्तर अगदी पातळ असते. भार एका उंचवट्यावर न पडता संपूर्ण तळव्यावर आणि पोटरीच्या भिंतींवर वाटला जातो, घोटा वाकत नसल्याने पाऊल आखूड पडते, आणि चवड्यावर रेटा देऊन पुढे जाण्याची क्रियाच थांबते. पायाने मला जे लंगडायला लावायला हवे होते ते काम या प्लास्टरने केले. काढता येईल असा बूट का नको, असे मी विचारले होते. त्यावर सांगितले गेले की जखम असलेल्या लोकांच्या पावलांची यंत्राने मोजणी केली तेव्हा ते काढता येणारा बूट दिवसभरातल्या पावलांपैकी सुमारे २८ टक्के पावलांपुरताच वापरतात असे दिसले. न दुखणाऱ्या पायाला जड बूट चढवण्याची आठवण करून देणारे काहीच नसते, त्यामुळे यात मला त्या रुग्णांचा दोष वाटत नाही.

प्लास्टरचे दिवस सोपे नव्हते. दुसरा पाय खालच्या पातळीवर राहून कंबर भरून येत असे, म्हणून त्या बुटाला जाड तळ लावावा लागला. अंघोळीला पाय पिशवीत बांधून बाहेर ठेवावा लागे आणि रात्री कूस बदलताना जाग येई. प्लास्टर दर आठवड्याला बदलले जात होते. आतून वास आला, ते सैल झाले किंवा ताप आला तर वाट न पाहता यायचे अशी सक्त सूचना होती, कारण बधिर पायावर प्लास्टरच नवी जखम करू शकते. प्रत्येक वेळी पारदर्शक कागदावर जखमेची कड रेखली जाई. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याने घटले नाही तर काहीतरी निसटले आहे असे समजून सगळी कारणे पुन्हा तपासायची, असा त्यांचा नियम होता. माझ्या जखमेची कड त्याआधीच आत सरकली. तिच्याभोवती पुन्हा घट्टा बनला नाही, गुलाबी, पातळ कातडी मात्र कडेने आत येताना दिसत होती. मलम तेच साधे होते आणि प्रतिजैविक नव्हते. इतके आठवडे न हललेली जखम केवळ दाब काढल्यावर भरू लागली, तेव्हा कारणांबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

जखम भरली तरी यादीतली बहुतेक कारणे तशीच आहेत. गेलेले मज्जातंतू परत येत नाहीत, बोटे सरळ होत नाहीत. म्हणूनच भरलेली जखम वर्षभरात सुमारे ४० टक्के लोकांना पुन्हा होते. माझ्यासाठी पुढे उंच व रुंद, तळाला वळण असलेले बूट आणि पायाच्या ठशावरून केलेला आतला तळ तयार झाला, आणि घरातही अनवाणी न चालण्याचे ठरले. रोज संध्याकाळी माझे यजमान दिव्याखाली दोन्ही तळवे पाहतात, कारण मला वाकून नीट दिसत नाही, आणि ठरलेल्या जागांचे तापमान आम्ही दोन्ही पायांवर मोजून लिहितो. एकाच जागी एक पाय दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसने अधिक गरम सलग दोन दिवस आला तर चालणे कमी करून दवाखान्याला कळवायचे असते. जी सूज मला जाणवत नाही ती अशी आकड्यात दिसते.

एकदा जखम झालेल्यांना दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवावा लागतो. गेल्या तपासणीत उजवा चवडा स्वच्छ होता, पण डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या टोकावर, नखाच्या अगदी पुढे, घट्टा धरलेला आढळला, आणि तो सोलल्यावर आत तेच तपकिरी ठिपके दिसले. बोट वाकलेले असल्याने त्याचे टोक प्रत्येक पावलाला जमिनीवर आदळते, आणि बूट कितीही मऊ केला तरी ते वाकणे जात नाही. त्यामुळे ते बोट खाली ओढणारी शीर सुईने छेदून ते सरळ करण्याची एक लहान शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवली आहे. ती बाह्यरुग्ण विभागातच होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. जखम होण्याआधीच तिचे कारण काढून टाकण्याची ही संधी मला मोलाची वाटली, म्हणून मी लगेच होकार दिला आणि तारीख घेऊन आले.